दगड वजा

नागपुरात जुना दागिना मोडायला लोक इतवारीच्या सराफ्यात जातात, नाहीतर सीताबर्डीला, म्हणजे बर्डीवर. काट्यावर चढण्याआधी दागिन्यातून सोनं नसलेलं सगळं काढून टाकतात. मण्यातली लाख, खडे, मोती, रेशमाचा दोरा. सोन्याचं लॉकेट घड्याळ मोडीला आलं की त्यालाही असंच सोलतात. आधी पाठीचं झाकण, मग मशीन, काच, काटे आणि शेवटी तबकडी. राहिलेली कडी आणि झाकण काट्यावर जातं. तबकडी दगडाची असली, निळ्या लाजवर्दाची किंवा हिरव्या मॅलाकाइटची असली, तरी हिशेबात ती वजाच. “काकू, हे हवं तर घेऊन जा,” काउंटरवरचा माणूस म्हणतो. काकू नेत नाहीत. काटे आणि कडी गेलेली ती दगडाची चकती घरी नेऊन ठेवायची कुठे?

१९६० आणि १९७०च्या दशकांत घडलेली ही घड्याळं अशीच संपत आली. त्यांच्याच वयाची स्टीलची एचएमटी घड्याळं घरोघरच्या कपाटांत अजून सापडतात, कारण मोडीत त्यांना कोणी विचारत नाही. सोन्याच्या घड्याळाला मात्र प्रत्येक अडचणीत भाव होता. मुलीचं लग्न, आजारपण, इंजिनिअरिंगची फी, फ्लॅटचा पहिला हप्ता. ज्या सोन्यामुळे ते मोलाचं ठरलं, त्या सोन्यापायीच ते आटलं.

म्हणून ही याद. पावतीवर जे वजा होतं ते आधी लिहितो.

तबकडी

घड्याळाची तबकडी दगडाची करायची तर दगड एक मिलिमीटरहून पातळ कापावा लागतो. मग मधोमध काट्यांसाठी भोक पाडायचं. दगडात बाहेरून न दिसणारी एखादी शीर असली तर नेमक्या या भोकाशी ती उघडते आणि सगळी मेहनत वाया जाते. इतका पातळ कापूनही पितळी तबकडीपेक्षा दगड जाडच राहतो. घड्याळ फुगीर दिसू नये म्हणून आतलं मशीन तितकं बारीक हवं. दगड कापणारे कारागीर शतकानुशतकं होते. अडलेलं होतं ते मशीनपाशी.

ते मशीन आलं १९५७ साली. स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरातल्या ला कोत-ओ-फे या खेड्यात १८७४पासून घड्याळं करणाऱ्या पियाजे घराण्याने ९पी नावाचं चावीचं मशीन दाखवलं. जाडी २ मिलिमीटर. वाचलेल्या जागेत दगड बसू शकत होता, आणि १९६३च्या सुमारास तो बसलाही. लाजवर्द, मॅलाकाइट, टायगर आय, काळा ऑनिक्स, जेड, फिरोजा, पोवळं, ओपल. पुढे इतर स्विस कंपन्यांनीही तोच रस्ता धरला. १९६९मध्ये पियाजेने लांब सोन्याच्या साखळीला लोंबणारी, छातीच्याही खाली येणारी घड्याळं काढली, आणि गळ्यातलं घड्याळ पुन्हा एकदा चालू रिवाजात आलं.

दगडाची कोणतीही तबकडी दुसरीसारखी नसते. छापील तबकडी हजारांनी निघते. दगडाची ज्या तुकड्यातून निघाली, त्याच्या शेजारच्या तुकड्यावरही तीच नक्षी उमटत नाही. मोडीच्या दुकानात बाजूला सारलेली एकेक तबकडी म्हणून मला फार लागते. सोनं पुन्हा सोनं होतं. त्या चकतीची जागा भरून काढायला जगात दुसरी चकती नाही.

लाजवर्द

अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या सर-ए-संग खाणीचा लाजवर्द हजारो वर्षांपासून जगभर जातो आहे. निळ्यात सोनेरी ठिपके असतात. ते पायराइटचे, म्हणजे लोखंड आणि गंधकाचे. भोवती खऱ्या सोन्याची कडी आली की हे ठिपके तिच्या रंगाला उत्तर देतात. कुठल्याही मीनाकामाला ते जमलेलं मी पाहिलेलं नाही. आपल्याकडे निळा खडा म्हटलं की आधी नीलम आठवतो आणि नीलम म्हटलं की शनी. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने अशा घड्याळाकडे पाहून ‘सोसतो का बघा आधी’ म्हणणं अगदी साहजिक होतं. लाजवर्द नीलम नव्हे, हे सांगायला घरात जवाहिऱ्या थोडाच बसलेला असतो.

मॅलाकाइट

तांब्याचा हिरवा कार्बोनेट. गडद आणि फिक्या हिरव्या पट्ट्यांचा, आणि मऊ. कठिणतेच्या मोजपट्टीवर साडेतीन ते चार, म्हणजे काचेहूनही मऊ. आम्ल त्याला खातं. काचेखाली होता म्हणून निभावला. काच तडकली आणि घड्याळ तसंच वापरत राहिलं की नागपूरच्या मे महिन्याच्या घामाने त्याची झिलई जाणारच. बर्डीवरच्या एका दुरुस्तीच्या टेबलावर असं एक लंबगोल घड्याळ मी पाहिलं. हिरवा रंग भोकाभोवती पांढुरका पडला होता आणि चारच्या बाजूला केसाएवढी चीर होती. दुरुस्त करणाऱ्याने मशीन चालू करून दिलं, तबकडीला हात लावला नाही. लावायला नकोच होता. चिमट्याचा जरा जास्त दाब पडला असता तर चीर आरपार गेली असती.

टायगर आय

या दगडात उजेडाची एक रेघ असते आणि दगड हलला की ती सरकते. मनगटावर ती फारशी दिसत नाही. गळ्यातलं घड्याळ वेळ पाहायला हाताने उचलावं लागतं, आणि त्या उचलण्यात ही रेघ तबकडीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाते. या सगळ्या दगडांत लॉकेट घड्याळासाठीच जन्मलेला दगड कोणता असं विचारलं तर मी याचं नाव घेईन.

ऑनिक्स

काळा. बाजारातला बहुतेक काळा ऑनिक्स म्हणजे रंगवलेला अकीक. म्हणून तो कमी दर्जाचा ठरत नाही. काळ्यावर सोन्याचे काटे जितके स्वच्छ दिसतात तितके दुसऱ्या कशावर दिसत नाहीत.

पोवळं आणि फिरोजा

ही दोन नावं मराठी घराला नवी नाहीत. पोवळं मंगळाचं म्हणून बोटात घालतात, फिरोजाची अंगठी अनेकांकडे असते. पोवळ्याची तबकडी सरळ एकरंगी लाल. फिरोजा तेलाने आणि घामाने हिरवा पडत जातो.

इथले दगड

हे सगळे दगड लांबून आले. बर्डीची टेकडी स्वतः काळ्या बेसाल्टची आहे, ज्वालामुखीच्या थरांची. दख्खनच्या याच थरांच्या पोकळ्यांत अकीक तयार होतो. खंभातच्या कारागिरांचे हात पिढ्यानपिढ्या अकीक घासण्यातच गेले. मॅलाकाइट पाहायचा तर बालाघाट जिल्ह्यातलं मलाजखंड आहे, तांब्याची मोठी खाण. जुन्या मध्य प्रांतात बालाघाटही नागपूरच्याच राजधानीखाली होतं.

आणि एक हिरवा दगड तर नागपूरचाच. स्टीफन हिस्लॉप हा मिशनरी १८४५मध्ये नागपूरला आला. शाळा चालवता चालवता त्याने इथल्या खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला. टाकळीजवळ मिळालेल्या हिरव्या कॅल्साइटला पुढे त्याच्या नावाने हिस्लॉपाइट म्हणू लागले. हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटजवळच्या नाल्याच्या पुरात बुडून गेला. हिस्लॉप कॉलेज शहराला माहीत आहे, हिस्लॉपाइट माहीत नाही. तोही मऊ दगड, तबकडीला कितपत टिकला असता शंकाच आहे. पण लांबून आलेल्या निळ्या-हिरव्या दगडांची आपण उठाठेव करतो तेव्हा पायाखालच्या हिरव्याचं नाव निदान घेतलं पाहिजे.

काटे

दोनच. सेकंदाचा काटा नाही, आकडे नाहीत, बहुतेक वेळा खुणासुद्धा नाहीत. दगडावर काही छापलं तर दगड झाकला जातो. अशा घड्याळातून वेळ अंदाजानेच कळते: पावणेपाच, पाच वाजत आले, पाच वाजून गेले. दोन काट्यांमधल्या कोनावरून वेळ वाचायची सवय ज्यांच्या डोळ्यांना आहे, तेच आता कमी झाले आहेत.

लटकणं

परिचारिकांच्या छातीवरचं घड्याळ उलटं टाचलेलं असतं, बारा खाली. बाकीच्यांना ते उलटं दिसतं, जिचं आहे तिला सरळ. बऱ्याच लॉकेट घड्याळांचीही हीच रीत. दगडाच्या तबकडीवर आकडे नसल्यामुळे समोरच्याला काहीच कळत नाही. वेळ फक्त घालणारीला कळते. समोरच्यांना दिसतो तो एक निळा किंवा हिरवा खडा.

लटकतं घड्याळ हे मनगटावरच्यापेक्षा जुनं. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर व्हिक्टोरिया राणीकडे पाटेक कंपनीचं निळ्या मीन्याचं घड्याळ होतं, टाचून लटकवायचं. आपल्याकडे मात्र लटकत्या घड्याळाचं नाव निघालं की गांधीजींच्या कमरेचं घड्याळ आठवतं. नागपूरहून सेवाग्राम दीड-दोन तासांवर. त्यांचं झेनिथचं घड्याळ १९४७मध्ये कानपूरला चोरीला गेलं. काही महिन्यांनी चोराने स्वतः येऊन ते परत केलं. मार्च २००९मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चष्मा, चपला आणि ताट-वाटीसह त्याला १८ लाख डॉलर आले. त्या घड्याळाचं धातूचं वजन किती, हे त्या दिवशी कोणी विचारलं नसेल. कोणाचं, कुठून आलं, कोणाकडे गेलं, हे सगळं सांगता येत होतं, म्हणून ते वाचलं. आमच्याकडच्या सोन्याच्या घड्याळांची ही हकिगत कोणी लिहून ठेवली नाही. त्याला कारण होतं. पुढे येतंच.

कॅरेट

आता काट्यावर चढतं ते.

९ जानेवारी १९६३ला सुवर्ण नियंत्रण नियम जाहीर झाले. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. चीनचं युद्ध नुकतंच संपलं होतं, परकीय चलन आटलं होतं. १४ कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी आली. सोनार बेकार झाले, आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. १४ कॅरेटची अट पुढे काढावी लागली. १९६८मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा झाला आणि तो १९९०पर्यंत टिकला.

म्हणजे दगडाच्या तबकडीचं सोन्याचं घड्याळ ज्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये आकाराला आलं, त्याच सुमारास भारतात सोनाराच्या फुंकणीवर सरकारी पहारा बसला. स्विस घड्याळ १८ कॅरेटचं, म्हणजे ७५ टक्के सोनं. कायद्याला हवं होतं १४, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावन्न टक्के. मराठी घराला हवं होतं २२. हे घड्याळ दोघांनाही परकं. आईच्या पाटल्यांशेजारी ठेवलं तर त्याचा रंग थोडा फिका दिसे, आणि ‘हे आपलं सोनं नव्हे’ असं मनात येऊन जाई. मोडायची वेळ आली की पहिला नंबर त्याचाच लागे. पाटल्या मोडताना हात अडखळतो, परक्या सोन्याला तेवढा अडखळत नाही.

झाकणाच्या आत स्विस ठसा असे. १८ कॅरेटसाठी हेल्वेशिया देवीचं मस्तक, १४साठी खार. १९९५पासून दोन्हींच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. भिंगातून पाहिल्याशिवाय न दिसणारं हे मस्तक आटणीच्या मुशीत सर्वांत आधी दिसेनासं होतं.

कलम १२३

१९६२च्या सीमाशुल्क कायद्यातलं हे कलम. तस्करीचा वाजवी संशय घेऊन माल जप्त झाला, तर तो तस्करीचा नाही हे ज्याच्याकडे सापडला त्यानेच सिद्ध करायचं. सगळ्या मालाला हे लागू नाही. कायद्याने नावानिशी सांगितलेल्या मोजक्या वस्तूंत सोनं आहे आणि घड्याळं आहेत. सोन्याचं घड्याळ दोन्ही बाजूंनी संशयित.

त्या काळात परदेशी सोनं आणि परदेशी घड्याळं हा तस्करीचा मुख्य माल होता. मुंबईच्या मुसाफिरखान्यात काय मिळतं हे नागपूरपर्यंत ठाऊक होतं. सरळ मार्गाने, परदेशातल्या भावाकडून किंवा दिरांकडून आलेलं घड्याळसुद्धा त्यामुळे बिनबोभाट कपाटात जाई. बिल जपून ठेवायचं की फाडून टाकायचं, हा खरा प्रश्न होता. लग्नात घालायचं तर पदराआड. फोटो काढताना आत सरकवायचं. हकिगत लिहिली गेली नाही ती या भीतीपोटी. एका पिढीने जे लपवलं, ते पुढच्या पिढीला कपाटात सापडलं तेव्हा त्याचं नाव, गाव, आणणारा माणूस, काहीच सोबत नव्हतं. उरलं होतं वजन.

साखळी

ही सर्वांत आधी जाते. घड्याळ चालू असतानाच जाते. मराठी बाईच्या गळ्यात मंगळसूत्र असतंच, त्यावर सणासुदीला बोरमाळ, एकदाणी, नाहीतर गोफ. आणखी एक लांब साखळी, तीही खाली वजन लोंबणारी, म्हणजे मंगळसूत्राशी गुंता. म्हणून साखळीचे दोन तुकडे होत आणि घरातल्या दोघींना वाटले जात. घड्याळ काळ्या दोऱ्यात किंवा पातळ चांदीच्या साखळीत ओवलं जाई, आणि मग ते घालायचंच राहून जाई.

डबी

घड्याळ गेलं तरी डबी राहते. मखमल लावलेली, आत घड्याळाच्या आकाराचा खळगा. आता त्यात नथ असते, किंवा नातवाच्या मनगट्या. नथ त्या खळग्यात नीट बसत नाही.

चावी

रोज सकाळी, एकाच वेळी, हलक्या हाताने. एवढं लहान मशीन एकदा चावी दिली की दीडेक दिवस चालतं. लॉकेटात चावी कडेला असते, काही ठिकाणी पाठीत लपवलेली. पाठीतली नखाने फिरवावी लागते.

माणकं

मशीनवर कोरलेलं असतं: १७ ज्वेल्स. ही कृत्रिम माणकं. चाकांच्या आसांची टोकं त्यांत फिरतात म्हणजे झीज होत नाही. माणूस माणिक घडवायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकला आणि घड्याळांच्या कारखान्यांनी त्याचा सर्वांत मोठा उपयोग केला. लॉकेट घड्याळात असे दोन प्रकारचे दगड असतात. एक वर, पाहण्यासाठी. सतरा आत, चालण्यासाठी. मोडीत अठराही वजा.

टेबल

व्हरायटी चौकातून मेन रोडने आत गेलं की कपड्यांची दुकानं, चपला, फुटपाथवर ओरडणारे विक्रेते, आणि या सगळ्याच्या कडेला, जिन्याखाली नाहीतर दुकानाच्या अर्ध्या फळीत, काचेच्या पेटीमागे बसलेला घड्याळ दुरुस्त करणारा. डोळ्याला भिंग, समोर चिमटे, बारीक स्क्रू ड्रायव्हर, रबरी फुगा, पेट्रोलची वाटी आणि उघडलेल्या मशीनवर पालथा घातलेला काचेचा पेला. बर्डीच्या धुळीत तो पेला नसेल तर काम होणारच नाही. ही टेबलं कमी होत आहेत. जी आहेत तिथे दिवसभराचं काम म्हणजे सेल बदलणं आणि पट्टा लावणं.

नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. अशा उन्हाळ्यांत जुन्या मशीनमधलं तेल सुकून चिकट होतं. दर दोन-तीन वर्षांनी ऑइलिंग लागतं. प्रत्येक वेळी उघडणारा कारागीर झाकणाच्या आतल्या बाजूला सुईच्या टोकाने आपली खूण कोरतो. एखादं अक्षर, महिना, साल, कधी नुसता आकडा जो त्याच्या वहीतल्या नोंदीशी जुळतो. नुसत्या डोळ्यांनी हे ओरखडे वाटतात. भिंगाखाली ती भाषा होते. एका झाकणात मी तीन वेगळ्या हातांच्या खुणा पाहिल्या. एक रोमन अक्षरांत, एक देवनागरीत, एक नुसते दोन ठिपके आणि रेघ. हे घड्याळ किती वर्षं चालू होतं, किती ठिकाणी गेलं, कधीपासून कोणी उघडलं नाही, हे सगळं त्या झाकणात लिहिलेलं होतं. बिल नाही, फोटो नाही, पत्र नाही. या घड्याळांची एकमेव लेखी नोंद म्हणजे या खुणा.

आणि त्या सोन्यावर लिहिलेल्या असतात. मशीन टेबलाखालच्या डब्यात पडून राहतं, दगड फेकला तरी मातीत टिकतो. जे हमखास आटतं, नोंद नेमकी त्याच्यावर. या सगळ्या यादीत मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती या झाकणांची.

डबा

टेबलाखाली बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो. त्यात निघालेली मशीनं. दुसऱ्या घड्याळाला चाक लागलं, स्प्रिंग लागली की यातून काढायची. सोन्याच्या घड्याळाचं मशीन असं स्टीलच्या घड्याळात जाऊन पुन्हा चालू लागतं. बायकांच्या घड्याळांची मशीनं मात्र इतकी लहान असतात की त्यांचे भाग सहसा कुठेच बसत नाहीत.

क्वार्ट्झ

२५ डिसेंबर १९६९ला जपानच्या सेइकोने अ‍ॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. गारगोटीचा स्फटिक विजेने कंप पावतो. आजच्या घड्याळांत सेकंदाला ३२,७६८ वेळा. त्यावर वेळ मोजायची. चावी गेली, ऑइलिंग गेलं, टेबलावरचं काम गेलं. अकीक, ऑनिक्स, टायगर आय यांचा मुख्य घटकही सिलिकाच, म्हणजे या स्फटिकाचेच नातलग. तबकडीवर मिरवणारा दगड मशीनच्या पोटात शिरला. तिथे त्याला रंगाची गरज नव्हती.

पुढच्याच दशकात सोन्याचाही भाव सुटला. १९७१पर्यंत अमेरिकेने औंसाला ३५ डॉलर धरून ठेवले होते. जानेवारी १९८०मध्ये ८५० झाले. जगभर सोन्याच्या घड्याळांची मशीनं निघाली आणि कड्या मुशीत गेल्या. एका बाजूने घड्याळ म्हणून गरज संपली आणि दुसऱ्या बाजूने सोनं म्हणून किंमत वाढली. मध्ये सापडलेली वस्तू टिकायची कशी?

आपल्याकडे सरकारी एचएमटी कंपनीने १९६१पासून जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं केली. तिचं ‘सोना’ पातळ, सोन्याचा मुलामा दिलेलं. ते मोडीला गेलं नाही, कारण मुलाम्याला भाव नाही. २०१६मध्ये एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरलं, तेव्हा लोकांनी उरलेली घड्याळं शोधून शोधून घेतली. आज ‘सोना’ जपणारे संग्राहक आहेत.

बर्डी

मुंजे चौकात आता मेट्रोच्या दोन मार्गिका एकमेकींना ओलांडतात. पहिली २०१९च्या मार्चमध्ये सुरू झाली. फलाटावर पुढची गाडी किती मिनिटांनी येणार ते लाल अक्षरांत दिसतं. खाली मेन रोडवर शंभर-दीडशे रुपयांची घड्याळं कापडावर मांडलेली असतात. त्यांत लॉकेट घड्याळंही असतात. पितळी रंगाची, घुबडाच्या किंवा हृदयाच्या आकाराची. कॉलेजच्या मुली घेतात. तबकडी हिरव्या पट्ट्यांची दिसली म्हणून मी एक हातात घेतलं. छापील कागद होता, मॅलाकाइटचा फोटो. कुणीतरी, कुठल्यातरी कारखान्यात, तो दगड पाहून ठरवलं असणार की घड्याळाला हेच शोभतं. मला त्याचा आनंदच झाला.

हॉलमार्क

१६ जून २०२१पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. कुंदन, पोलकी आणि जडावाचे दागिने त्यातून वगळले आहेत. घड्याळं आणि फाउंटन पेनंही वगळली आहेत. १९६२मध्ये सोन्याशेजारी बसवून ज्या घड्याळाला संशयित केलं, त्याला जवळजवळ साठ वर्षांनी या नियमाने सोन्याच्या रांगेतून बाहेर काढलं. निदान हॉलमार्कच्या लेखी ते आता आधी घड्याळ आहे.

अजून शिल्लक

बँकेच्या लॉकरमध्ये, आजीच्या पेटीत, नणंदेकडे राहून गेलेल्या डबीत अशी काही असणारच. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आधी ते चालू करायचा आग्रह धरू नये. सुकलेल्या तेलात चावी दिली की दाते झिजतात. घरी सुरीने झाकण उचकटू नये. दगडाच्या तबकडीला तेवढा धक्का पुरतो. बर्डीवरच्या जुन्या टेबलांपैकी एकावर जावं, ऑइलिंगआधी झाकण उघडून घ्यावं आणि त्याच्या आतल्या बाजूचा जवळून फोटो काढावा, ठसा आणि ओरखडे दोन्ही येतील असा. मशीनवरचा नंबर लिहून घ्यावा. घड्याळ कोणी, कुठून, कोणत्या साली आणलं हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारावं. मोडायचंच असेल तर झाकण वाचवून बाकीची कडी आणि साखळी देता येते. झाकणाचं सोनं थोडंसंच असतं. तबकडी आणि मशीन मागून घ्यावं, दुकानदार देतो. आणि दगडाचा फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीशी काढावा. ट्यूबलाइटखाली लाजवर्द काळा दिसतो.